चार चॅनेल पण घड्याळ एकच: सेकंडहँड पल्स जनरेटर वापरून बघितला त्याची गोष्ट

पहिले दोन दिवस मी हा डबा परतच पाठवणार होतो. खोका, थर्माकोल, सुतळी सगळं जपून ठेवलं होतं, आणि विकणाऱ्याला फोनवर काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही, कारण नंतर त्यातला निम्मा राग माझाच मला गिळावा लागला. निम्माच हां, उरलेला निम्मा अजून आहे, तो पण पुढं येईल.

तर वस्तू काय, तर चार चॅनेलचा डिजिटल पल्स जनरेटर, म्हणजे ठरलेल्या वेळेनं विजेचे ठोके (पल्स) देणारा डबा, जुना, लॅबमध्ये वापरतात त्यातला. दोन ओळींचा हिरवा डिस्प्ले, आकड्यांची बटणं, एक गोल नॉब, पुढं केबल लावायची चार बीएनसी सॉकेट, मागं एक ट्रिगर इन आणि एक सिरियल पोर्ट. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हे मॉडेल आता नवीन मिळत नाही आणि मला जे सांगायचंय ते ह्या पद्धतीच्या बऱ्याच डब्यांना लागू होतं.

मला कशाला लागला ते आधी सांगतो नाहीतर पुढचं काही कळणार नाही. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, स्पेशल पर्पज मशीन, कन्व्हेयर, जिगफिक्श्चर असली कामं. तासगाव भागातल्या एका बेदाणावाल्यानं सॉर्टिंग लाइनचं छोटं मॉडेल करून मागितलं होतं. तीन पट्टे एकापुढं एक. पहिला सावकाश, दुसरा जरा जोरात, तिसरा आणखी जोरात, म्हणजे बेदाणा पहिल्या पट्ट्यावर ढिगानं पडला तरी तिसऱ्यापर्यंत जाताना दाणा दाण्यापासून सुटा होतो. पुढं कॅमेरा आणि हवेचा झोत मारणारा व्हॉल्व्ह, काळा दाणा आला की फुर्रर. तिन्ही पट्ट्यांना स्टेपर मोटर (प्रत्येक पल्सला एक छोटी पायरी फिरणाऱ्या) लावल्या, त्यांना चालवणारे ड्राइव्ह १६०० पल्सला एक फेरा असे सेट केले. म्हणजे १६०० हर्ट्झ (सेकंदाला १६०० पल्स) दिले की सेकंदाला एक फेरा, ६० आरपीएम, हिशोब सोपा. मला पहिल्याला १२००, दुसऱ्याला १६००, तिसऱ्याला २००० हर्ट्झ पाहिजे होते, म्हणजे ४५, ६० आणि ७५ आरपीएम. पीएलसी (मशीन चालवणारा इंडस्ट्रियल कंट्रोलर) शेवटी लागणारच आहे पण गिऱ्हाईकानं अजून पट्ट्याची रुंदीच ठरवलेली नाही, त्याच्या आधी पीएलसीचा खर्च कोण करणार, म्हणून नुसता पल्स देणारा डबा पाहिजे होता.

आता तुम्ही म्हणाल की ऑनलाइन ते पल्स काढणारे छोटे पीडब्ल्यूएम बोर्ड मिळतात की, निळा एलसीडी आणि चार बटणंवाले, १ हर्ट्झपासून १५० किलोहर्ट्झपर्यंत. तेच आधी लावले होते, तीन नग. वाईट नाहीत बरं का. पण एक तर डिस्प्ले तीन आकडी, त्यामुळं १ ते १० किलोहर्ट्झमध्ये १० हर्ट्झच्या पायरीनंच जाता येतं, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक बोर्डाचं घड्याळ, म्हणजे आतला मूळ ठोका देणारा भाग, वेगळं. मला वाटायचं १६०० म्हणजे १६००, त्यात काय. पण गंमत बघा, दोन घड्याळांमध्ये समजा ५० पीपीएमचा फरक आहे, म्हणजे दहा लाखात पन्नास, काहीच नाही असं वाटतं, पण १६०० हर्ट्झवर तो ०.०८ हर्ट्झ होतो आणि एका तासात २८८ पल्स होतात. १६०० पल्सला एक फेरा असेल तर २८८ पल्स म्हणजे जवळजवळ ६५ अंश. मी दोन पुलींवर खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या, दोन्ही बोर्ड १६०० वर, चहा पिऊन आलो तोवर रेघा एकमेकींना सोडून गेलेल्या. आमच्यातला पोरगा म्हणतोय पट्टा घसरला असंल. पट्टा कुठला, मोटर मोकळ्याच होत्या, पट्टे चढवलेच नव्हते.

कॅमेऱ्यासमोर हे चालत नाही. दाणा कॅमेऱ्याखालून गेल्यावर किती पल्सनी व्हॉल्व्हसमोर येणार हे पक्कं पाहिजे. म्हणून एकाच डब्यातनं निघणारे चार पल्स शोधत होतो.

पुण्यातला एक सेकंडहँड इन्स्ट्रुमेंटवाला आहे, नाव नको, त्याच्याकडं हा सापडला. फोनवर स्पष्ट विचारलं, चार चॅनेलला चार वेगळ्या फ्रिक्वेन्सी लागतात का, म्हणजे लावता येतात का? तो म्हणाला, "लागतात की सर, फोर चॅनेल आहे ना." हे वाक्य लक्षात ठेवा. चौदा हजारांत ठरलं, मॅन्युअल नाही म्हणाला, प्रोब नाहीत म्हणाला, बसच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी सांगलीत. पॅकिंग मात्र झकास केलं होतं, त्याबद्दल पूर्ण मार्क.

घरी न नेता डायरेक्ट वर्कशॉपवर उघडला. चालू केला, फॅनचा घर्र आवाज, डिस्प्ले आला, बरं वाटलं. चॅनेल ए दाबलं. विड्थ (पल्स किती वेळ टिकणार) विचारतोय, डिले (किती उशिरा सुटणार) विचारतोय, पोलॅरिटी, आउटपुट लेव्हल, मोड. फ्रिक्वेन्सी कुठाय? बी दाबलं, तेच. सी, डी, तेच. मग कुठंतरी खाली एक सिस्टिमचा मेनू सापडला, त्यात पिरियड, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ. एकच. तिथं बदललं की चारही चॅनेल बदलतात. ए ला १२०० पाहिजे म्हणून बदललं की बी पण १२००. रात्री साडेनऊपर्यंत बसलो, सगळी बटणं दाबून बघितली, भडंगाची अख्खी पुडी संपली, फ्रिक्वेन्सी काही वेगळी होईना. डिले वेगळा देता येतो, विड्थ वेगळी देता येते, पण ठोका सगळ्यांचा एकच. मग तो फोन केला ज्याच्याबद्दल वर लिहिलंय. तो म्हणाला चेक करून सांगतो. अजून चेक करायलाय.

माझा पुतण्या विश्रामबागला वालचंदमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला आहे. रविवारी आला, त्याला दाखवलं. आमची पोरं मोबाईलमधनं डोकं काढत नाहीत पण हा डबा बघून काढलं. पाच मिनिटं मेनू चाळला आणि मोडवर जाऊन थांबला. तिथं नॉर्मल, सिंगल, बर्स्ट आणि ड्युटी सायकल असं होतं. ड्युटी सायकल मी पण बघितलं होतं, पण मला वाटलं ते आपलं नेहमीचं टक्क्यातलं, ५० टक्के ऑन ५० टक्के ऑफ, म्हणून पुढं गेलो होतो.

"काका, ह्यात टक्के नाहीत. हे मोजायचं आहे. किती ठोके वाजवायचे आणि किती सोडायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे घड्याळ एकच. चॅनेलला स्वतःची फ्रिक्वेन्सी नसतीच. तो नुसता मोजतोय. ऑन एक, ऑफ चार टाकलं की पाचात एक पल्स देणार. घड्याळ शंभरचं असलं तर ह्याचे वीस."

"मग मला बाराशे, सोळाशे, दोन हजार पाहिजेत, घड्याळ कितीचं ठेवू?"

"लसावि काढा की."

लसावि! पाचवी-सहावीत लसावि-मसावि घोकला त्याच्यानंतर चाळीस वर्षांत कुठं उपयोगी पडला असेल तर तो इथं. १२००, १६०० आणि २००० चा लसावि २४०००. घड्याळ २४००० हर्ट्झवर ठेवायचं. २४००० भागिले १२०० बरोबर २०, म्हणून ए ला ऑन १ ऑफ १९. १६०० साठी १५, म्हणून बी ला ऑन १ ऑफ १४. २००० साठी १२, म्हणून सी ला ऑन १ ऑफ ११. झालं. ह्यात चूक एकच होते आणि ती मी पण केली, ऑफमध्ये २० टाकलं. ऑन आणि ऑफची बेरीज भागाकाराएवढी पाहिजे, नुसता ऑफ नाही. २० टाकलं तर २१ नं भागलं जातं आणि ११४२ च्या आसपास काहीतरी येतं, मग बसा शोधत.

पुढची भानगड अशी की डबा फ्रिक्वेन्सी घेत नाही, पिरियड घेतो. २४००० चा पिरियड ४१.६६६६ असं संपतच नाही, आणि ह्यात १० नॅनोसेकंदापर्यंतच टाकता येतं, म्हणून ४१.६७ मायक्रोसेकंद टाकलं. म्हणजे घड्याळ खरं २३९९८ चं झालं आणि बी वर १६०० ऐवजी १५९९.८७ दिसायला लागले. मला आधी वाटलं डबा बिघडलाय. मग लक्षात आलं की तिन्ही चॅनेल सारख्याच प्रमाणात कमी झालेत, तीनास चारास पाच हे नातं तसंच्या तसं आहे, तासानं बघा नाहीतर दिवसानं बघा. मला १६०० शी देणंघेणं नव्हतंच, नात्याशी होतं. खडूच्या रेघा परत मारल्या, ह्यावेळी ए च्या तीन फेऱ्यांना बी चे चार, आणि जेवून आलो तरी रेघा जागच्या जागी. म्हणजे ज्या गोष्टीवरनं मी विकणाऱ्याला शिव्या घातल्या, सगळ्यांचं घड्याळ एकच, तीच मला पाहिजे होती. मागताना मी चुकीचं मागत होतो.

आता ज्यांच्याकडं डीएसओ (पल्सचं चित्र स्क्रीनवर दाखवणारा स्कोप) आहे त्यांच्यासाठी एक. पुतण्यानं कॉलेजातल्या मित्राचा दोन चॅनेलचा डीएसओ आणला होता. बी वर ट्रिगर लावला, म्हणजे चित्र बी च्या पल्सवर धरलं, की बी शांत उभा राहतो पण ए च्या रेघा एकावर एक चढून नाचतात. साहजिक आहे, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. ह्याला उपाय म्हणून चौथा रिकामा चॅनेल डी घेतला, त्याला ऑन १ ऑफ ५९ दिलं, कारण २०, १५ आणि १२ चा लसावि ६०. डी ची ४०० हर्ट्झची टिचकी आली, तिच्यावर ट्रिगर लावला आणि काय सांगू, सगळं गप्प उभं. अडीच मिलिसेकंदांत ए चे तीन पल्स, बी चे चार, सी चे पाच, आणि परत सगळे एका जागी. (डीएसओ दोनच चॅनेलचा, एकात ट्रिगर, दुसऱ्यात एकेक लावून बघितलं.) मिरज शेजारी असल्यामुळं दर्ग्याच्या उरुसाला गाणं ऐकायला जायची सवय आहे, मला हे लगेच पटलं. ६० मात्रांचं आवर्तन, एक जण त्यात तीन ठोके देतोय, दुसरा चार, तिसरा पाच, आणि डी म्हणजे सम. समेवर तिघं एकदम. पुतण्याला सांगितलं तर म्हणतो काका मसावि म्हणा, ४०० हा तिघांचा मसावि आहे. बरं बाबा मसावि.

पण ह्या डब्यावर माझं प्रेम बसलं ते नॉबमुळं. मॉडेलची ट्रायल तिप्पट स्पीडला घ्यायची होती, म्हणजे ३६००, ४८०० आणि ६०००. डायरेक्ट पिरियड १३.८९ टाकून रन दाबलं तर तिसरी मोटर जागच्या जागी कुंईऽऽ करत बसली. स्टेपरचं असंच असतं, उभ्या मोटरला एकदम जोराचे पल्स दिले की ती सुटतच नाही, लोड असताना तर नाहीच. पीएलसी किंवा चांगला कंट्रोलर हळूहळू वाढवत नेतो, ह्या डब्यात असलं रॅम्प वगैरे काही नाही, हा तोटा धरा. मग केलं काय, ४१.६७ वर चालू केलं आणि कर्सर तिसऱ्या आकड्यावर ठेवून नॉब फिरवत पिरियड खाली खाली आणला. तिन्ही मोटर एकदम, एकाच प्रमाणात वेग घ्यायला लागल्या! एकीला पण वेगळं काही सांगावं लागलं नाही. वडील लाइनशाफ्टच्या जमान्यातले, एकच शाफ्ट वर फिरायचा आणि प्रत्येक लेथचा पट्टा वेगळ्या पुलीवर, शाफ्ट हळू झाला की अख्खं वर्कशॉप हळू. हा डबा म्हणजे तोच लाइनशाफ्ट आहे आणि ऑफ काउंट म्हणजे पुलीची साइज, एवढं डोक्यात बसलं की मॅन्युअलची गरज राहत नाही. वेगवेगळे बोर्ड असते तर तीन हात लागले असते.

विड्थ मात्र सांभाळायची. पल्सची विड्थ घड्याळाच्या पिरियडपेक्षा कमीच पाहिजे, चॅनेल कितीही सावकाश असला तरी. घड्याळ १३.८९ चं असेल तर त्याच्या आत. माझ्या ड्राइव्हला कमीत कमी २.५ मायक्रोसेकंद लागतात, मी तिन्हीला ५ ठेवली, दोन्हीकडनं सेफ. जास्त टाकली की डबा पीक करून ओरडतो आणि घेत नाही.

ह्या विड्थनंच मला चौथ्या चॅनेलवर रडवलं. हवेच्या व्हॉल्व्हची ट्रायल म्हणून सेकंदाला १० वेळा, प्रत्येक वेळी २० मिलिसेकंद उघडा ठेवायचा होता. १० हर्ट्झ सोपं, २४००० भागिले १० म्हणजे २४००. पण २० मिलिसेकंदाची विड्थ ४१.६७ मायक्रोसेकंदाच्या पिरियडमध्ये कशी मावणार? ऑन १ दिलं तर व्हॉल्व्हला कळणार पण नाही कोणी टिचकी मारली ते. इथं मी दोन संध्याकाळी घालवल्या, शेवटी जुगाड असा बसला की ऑन ४८० आणि ऑफ १९२०, बेरीज २४००, आणि विड्थ ४० मायक्रोसेकंद. ४८० ठोके एकामागं एक, मध्ये फक्त पावणेदोन मायक्रोसेकंदाची फट. मॉस्फेटवरनं (इलेक्ट्रॉनिक स्विच) व्हॉल्व्हची कॉइल चालवतोय आणि कॉइलला उलटा डायोड आहेच, त्यामुळं एवढ्याशा फटीत कॉइलमधला करंट पडत नाही, व्हॉल्व्हला २० मिलिसेकंद सलग मिळाल्यासारखंच वाटतं. टक टक टक टक, मस्त चालला. ज्याला एलईडी किंवा काउंटर लावायचाय त्यानं हे करू नका हां, काउंटर ४८० मोजेल. आणि ह्या सेटिंगवर नॉब फिरवून स्पीड वाढवता येत नाही, पिरियड ४० च्या खाली गेला की पीक. म्हणजे व्हॉल्व्ह पाहिजे तर स्पीड नाही, स्पीड पाहिजे तर व्हॉल्व्ह नाही, एका वेळी एकच लाड. आता व्हॉल्व्हसाठी बाहेर एक ५५५ चा मोनोस्टेबल बसवलाय, डी नुसती टिचकी देतो आणि ५५५ ती २० मिलिसेकंद ताणतो. चाळीस-पन्नास रुपयांत काम, ते पहिल्या दिवशी सुचलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

बाकी वैताग.

रन चालू असताना एखाद्या चॅनेलचा काउंट बदलला की तो चॅनेल तिथनंच नवीन मोजायला लागतो आणि सम हलते. फ्रिक्वेन्सी बरोबर दिसते पण जागा चुकते. मी अर्धा दिवस कॅमेऱ्याला दोष देत होतो. आधी स्टॉप, मग बदल, मग रन, म्हणजे सगळे परत एकत्र सुटतात.

लाइट गेली की सगळं सेटिंग गायब. आमच्याकडं लाइट किती इमानदारीनं जाते ते सांगायला नको. उघडून बघितलं तर आत मेमरीची बटणसेलसारखी बॅटरी मेलेली. बदलली, आता दहा सेटिंग सेव्ह राहतात. विकणाऱ्यानं हे बघून द्यायला पाहिजे होतं, सेकंडहँड म्हणून सगळंच माफ नसतं.

वायर. आउटपुट ५ व्होल्ट टीटीएल, ड्राइव्हच्या इनपुटमधल्या ऑप्टोला १०-१२ मिलिअँप मिळतो, पुरतो. पण पहिल्यांदा साध्या वायरी वापरल्या आणि त्या शेजारच्या व्हीएफडीच्या (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) केबलला चिकटून गेल्या होत्या, मोटरला नसलेले पल्स मिळायला लागले. बीएनसी आणि शिल्डेड केबल आणून स्वतः सोल्डर केल्या, बंद झालं. पीएलसीच्या २४ व्होल्ट इनपुटला डायरेक्ट लावायचा विचार असेल तर ५ व्होल्ट त्याला दिसणारच नाही, मध्ये काहीतरी घालावं लागेल.

फॅन. रात्री शांततेत डोकं उठवतो. बदलणार आहे, म्हणजे चार महिने बदलणार आहे.

आता कुणी घेऊ नये ते. ज्यांना एकमेकांशी काही नातं नसलेल्या फ्रिक्वेन्सी पाहिजेत त्यांच्यासाठी हा प्रकार नाही. समजा एकाला ९९७ आणि दुसऱ्याला १००९ हर्ट्झ पाहिजे. दोन्ही मूळसंख्या, लसावि म्हणजे सरळ गुणाकार, १० लाख ५ हजार ९७३. एवढं घड्याळ डबा देईलही, पण मग पिरियड एक मायक्रोसेकंदाच्याही आत, आणि विड्थ त्याहून कमी, माझ्या ड्राइव्हला अडीच लागतात. म्हणजे कागदावर जमलं आणि मोटर ढिम्म. असल्या वेळी ९९७ चं १००० आणि १००९ चं १०१० करून चालतंय का ते आधी बघा, नाहीतर दोन वेगळे जनरेटर किंवा दोन्ही चॅनेलला वेगळी फ्रिक्वेन्सी देणारा फंक्शन जनरेटर घ्या, तसले दोन चॅनेलवाले स्वस्तात मिळतात आणि दोन्ही चॅनेल एकाच क्रिस्टलवर असले तर आपापसात ते वाहून पण जात नाहीत. फक्त चॅनेल दोनच.

आणि हा घोळ फक्त जुन्या डब्यांचा नाही. चॅनेल किती हे सगळे मोठ्या अक्षरात लिहितात, घड्याळं किती ते कोण लिहीत नाही. पीसीए ९६८५ ही चिप घ्या, सर्व्होसाठी सगळे वापरतात, १६ चॅनेल, पण फ्रिक्वेन्सी सोळांना मिळून एक, ड्युटी तेवढी वेगळी. आर्डुइनो उनोवर पीडब्ल्यूएमच्या सहा पिना आहेत पण टायमर तीन, ९ आणि १० नंबरची पिन एकाच टायमरवर, ३ आणि ११ एकावर, ५ आणि ६ एकावर, म्हणून ९ ची फ्रिक्वेन्सी बदलली की १० ची पण बदलते, आणि ५-६ च्या टायमरला हात लावला तर प्रोग्रॅममधल्या delay() चा टाइमच बिघडतो कारण तो त्याच्यावरच मोजतोय. रास्पबेरी पाय पिको ह्या बाबतीत दिलदार आहे, पीडब्ल्यूएमचे आठ ब्लॉक, प्रत्येकात दोन आउटपुट, म्हणजे आठ वेगळ्या फ्रिक्वेन्सी. ज्याला प्रोग्रॅमिंग येतं त्यानं चौदा हजार घालवायची गरजच नाही, पुतण्या मला हेच सांगत होता, पण मला वर्कशॉपमध्ये तेलकट हातानं फिरवायला नॉब पाहिजे, लॅपटॉप नको. ज्याचं त्याचं.

विकणाऱ्याबद्दल एवढंच, तो खोटं बोलला असं मी आता म्हणणार नाही, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण माहीत नसताना "लागतात की सर" म्हणायचं नाही. तुम्ही विचारताना चार फ्रिक्वेन्सी लागतात का असं विचारू नका, कोणीही हो म्हणेल. विचारा की ए वर १२०० आणि बी वर १६०० लावून मल्टिमीटरचा हर्ट्झ मोड दाखवत व्हिडिओ पाठव. दोन मिनिटांचं काम आहे, नाही पाठवला तर समजा. मल्टिमीटर पल्स बारीक असली की कधीकधी मोजत नाही, विड्थ जरा वाढवायला सांगा. आणि त्याच व्हिडिओत लाइट बंद-चालू करून सेटिंग राहतंय का ते पण बघून घ्या.

चौदा हजार जास्त झाले का? मॅन्युअल नाही, बॅटरी मेलेली, फॅन वाजतोय, दहा-अकरा वाजवी झाले असते. पण परत पाठवणार का, तर नाही. खोका गेल्या महिन्यात रद्दीवाल्याला दिला.

बेदाणावाले परवा येऊन गेले. तिन्ही पट्ट्यांवर बेदाणा सोडून दाखवला, तिसऱ्या पट्ट्यावर दाणा न दाणा सुटा पळत होता. ते डब्याकडं बघत म्हणाले, "एवढ्यावर चालतंय व्हय सगळं?" मी नॉब थोडा फिरवला, तिन्ही पट्टे बरोबरीनं हळू झाले, परत फिरवला, जोरात. त्यांनी स्वतः दोन-तीनदा फिरवून बघितला, मग पट्ट्याची रुंदी विचारली तर म्हणाले कळवतो. म्हणजे डबा अजून महिनाभर तरी टेबलावरच. त्याच्या डोक्यावर मार्करनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय, माझ्या माघारी पोरांनी काही बदलू नये म्हणून: ए १९, बी १४, सी ११, आधी स्टॉप मग बदल, आणि खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, फॅन कधी बदलणार.